मांगराला सुटलेला घाम

सिंधुदुर्गात आणि गोव्यात बागायतीच्या कडेला एक बसकी खोली असते, तिला मांगर म्हणतात. घराचा मान तिला नाही, गोठ्याची निकड तिला नाही. घरात ज्याला जागा नाही पण टाकूनही देववत नाही, त्या सगळ्याची पाठवणी मांगरात होते. कोयते, कुदळी, पारई, घमेली, आंबे काढायचे झेले, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, सुंभाच्या गुंड्या, जळलेली मोटार (ती ‘भरून आणायची’ आहे, असे घरातले लहान मूलसुद्धा सांगेल), खताच्या गोणी, फवारणीचा पंप, आजोबांची आरामखुर्ची जिच्यात आराम करायला कापडच उरलेले नाही, आणि एका शिमग्यापासून दुसऱ्या शिमग्यापर्यंत झोप काढणारा ढोल. जानेवारीत मांगरात शिरले की शिंक येते ती धुळीने. जुलैतही येते, पण तेव्हा तिचे कारण बदललेले असते.

मृग लागून पंधरवडा उलटला की मांगरात वस्ती वाढू लागते. कोयत्याच्या मुठीवर पांढरी लव येते. पट्ट्याच्या कातड्यावर हिरवी साय धरते. गोणपाटावर काळे ठिपके उठतात आणि रोज थोडे थोडे शेजार वाढवतात. ढोलावर तर सगळे रंग एकदम उमटतात. शिमग्यात जेवढी मंडळी त्याच्याभोवती नाचत नाहीत तेवढी आषाढात त्याच्या अंगावर राहायला येतात. याला बुरशी म्हणायचे आणि नाक मुरडायचे, हा रिवाज आहे.

रिवाज म्हणायचे कारण असे, की बुरशीच्या बाबतीत आपले धोरण मुळीच सरळ नाही. त्याच पंधरवड्यात रानात वारुळाच्या अंगाने अळंबी उगवते. ती कोणाला कुठे सापडली हे सख्ख्या भावाला सांगत नाहीत. बाजारात तिचा भाव विचारताना माणसे आवाज खाली घेतात आणि भाव ऐकल्यावरही घेऊन जातात. अळंबी म्हणजे बुरशीचेच फळ. जातकुळी एक, पण एकीला तिरफळ घालून वाढायचे आणि दुसरीला फडक्याने पुसायचे. सरकारचेही तेच. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना निघाला तो पेनिसिलिनसाठी, म्हणजे मोठमोठ्या टाक्यांत बुरशीचे लाड करण्यासाठीच. लंडनमध्ये फ्लेमिंगच्या बशीत १९२८ साली ती आपण होऊन उतरली होती. पुढे अमेरिकेत पिओरिया गावच्या बाजारातल्या एका नासक्या खरबुजावर १९४३ साली तिची जास्त कमावती बहीण सापडली, आणि जगभरच्या औषधाला पुरी पडली. आमच्या ढोलावरून मात्र आजवर कोणी काही खरवडून नेलेले नाही. न्यायला आले तर आमची हरकत नाही, ढोल तेवढा परत द्यावा.

या प्रकाराचा कळस फवारणीच्या पंपावर होतो. आमच्याकडे सुपारीला पावसात कोळेरोग येतो, कोवळी फळे कुजून गळतात. त्यावर बोर्डो मिश्रण मारायचे: शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. हे मिश्रण फ्रान्सच्या बोर्डो भागातले. तिथले काही मळेवाले रस्त्याकडेच्या द्राक्षांवर मोरचूद-चुन्याचे निळे पाणी शिंपडत. हेतू शेतीशास्त्राचा नव्हता. जाणाऱ्या-येणाऱ्याने विषारी समजून द्राक्षांना हात लावू नये, एवढाच होता. (आपल्याकडे हेच काम राखणदाराच्या नावावर फुकटात होते.) त्या वेली सोडून बाकीच्यांवर बुरशी पडली, हे पिएर मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेत भरले, आणि १८८५ साली त्याने त्याची कृती प्रसिद्ध केली. कोळेरोगाचा जीव खऱ्या बुरशीचा सख्खा नव्हे, असे शास्त्रज्ञ हल्ली म्हणतात. पण भाऊबंदकीतून नाव वगळले म्हणून त्याने सुपाऱ्या कुजवायचे सोडलेले नाही. तर सांगायचे ते हे, की सबंध बागेला बुरशीपासून वाचवणारा तो पंप पहिल्या फवारणीनंतर मांगरात टांगला जातो आणि दुसऱ्या फवारणीला खाली काढावा तर त्याच्याच खांद्याच्या पट्ट्यावर बुरशी आलेली असते.

खरे तर आमचा जुना मांगर इतका कधी आजारी नव्हता. चिऱ्यांच्या भिंती, सांधे मातीचे, गिलावा नाही. वर मंगलोरी कौले, ज्यांचा कारखाना बासल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळुरात काढला आणि सगळा पश्चिम किनारा त्यांनी लाल करून टाकला. कौलांच्या फटींतून ऊन दोऱ्यादोऱ्यांनी आत यायचे. भिंत आणि वासे यांच्यामध्ये हातभर जागा मोकळी, तिथून वारा बिनपरवाना ये-जा करायचा. पश्चिमेच्या भिंतीला मे महिन्यातच झावळ्यांचे झाप बांधले जात, म्हणजे तिरपी झड थेट चिऱ्याला लागत नसे. जोते उंच, आणि वळचण पुढे इतकी काढलेली की पागोळ्या भिंतीपासून लांब पडत. आत जमीन शेणाने सारवलेली. कोपऱ्यात चूल, तिच्यावर भात उकडायचे, गुरांचे पाणी तापायचे आणि धूर कोणाचीही पर्वा न करता कौलांतून वर जायचा. जाताना सुंभ, मुठी, झेल्याची काठी, ढोल सगळ्यांना हात लावून जायचा. धुरातले काही पदार्थ बुरशीला सोसत नाहीत, पण हे कोणी विचारून चूल पेटवत नव्हते.

त्या मांगराला सगळीकडे फटी होत्या. उंदीर यायचे, पाली असायच्या, एखादे कौल गळायचे. आणि मुंबईहून गणपतीला आलेल्या आमच्या दादाला ते बघवेना.

दादा डोंबिवलीला असतो. गावच्या घरावर त्याचे खरेखुरे प्रेम आहे आणि प्रेम व्यक्त करायची त्याची रीत सिमेंट ही आहे. त्याने पैसे लावले आणि मांगराचे भले केले. भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा, वर ऑइल पेंट. कौले उतरवून निळे पत्रे. पत्र्याखाली पांढरेशुभ्र पीव्हीसीचे सीलिंग. वाशांखालची मोकळी जागा विटांनी बंद. एक सरकती खिडकी, जी सरकू नये म्हणून कडेने सिलिकॉन भरले. चूल गेली, तिच्या जागी मांडणी आली. खाली चकचकीत लाद्या. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आले तेव्हा बेळगावच्या आत्याने विचारले, “हे कोणाचे क्लिनिक?” काकी फोटोत नव्हती. ती दारात उभी राहून वर बघत होती आणि तिने एवढेच विचारले, “वारो खंयसून येतलो?”

दादा म्हणाला, “काकी, वारा नाही, उंदीर नाही, पाणी नाही. आता काळजीच नाही.”

पहिल्याच श्रावणात मांगराला घाम फुटला. पाणी गळत कुठेच नव्हते, हे विशेष. पत्र्याच्या खालच्या अंगाला थेंब धरायचे, ते सीलिंगवर पडायचे आणि सीलिंगच्या सांध्यातून सावकाश, ठरवून, खताच्या गोणीवर उतरायचे. लाद्या ओल्या. ऑइल पेंटला फुगे आले, फुगे फुटून पोपडे सुटले आणि पोपड्यामागे भिंत काळी. युरियाचा तर दगड झाला. युरिया हवेतले पाणी ओढून घेतो, मग घट्ट होतो, मग तो फोडायला कुदळ लागते, आणि कुदळीला तोवर गंज चढलेला असतो.

चिरा हा सच्छिद्र दगड. तो पाणी पितो, खालून जोत्यातून वर ओढतो, आणि उघडा ठेवला तर सोडूनही देतो. त्याच्यावर सिमेंट आणि तेलाचा रंग चढवला की जे होते ते रेनकोट घालून धावणाऱ्या माणसाचे होते. बाहेरचे पाणी अडते की नाही हा पुढचा प्रश्न, आतले मात्र नक्की अडते. चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर येऊन उडून जाते. शिवाय ताजा चुना इतका जहाल की त्याच्यावर बुरशीला पाय ठेववत नाही. म्हणूनच जुन्या लोकांची दरवर्षी चुना मारायची खोड होती. दादाच्या हिशेबात मात्र दरवर्षी करावे लागते ते काम निकृष्ट आणि एकदाच करून वर्षभर निस्तरावे लागते ते उत्तम. हा हिशेब त्याचा एकट्याचा नाही, हेही खरे. आमच्या वाडीत आता फारसे उघडे चिरे दिसत नाहीत.

मग उपायांचा पाऊस सुरू झाला. आत्या म्हणाली कापूर ठेवा. ठेवला. मांगरात शिरल्यावर आता देवळात बुरशी आल्यागत वास येऊ लागला. कापराने कुबट वास झाकतो, पाणी काही कमी होत नाही. कोणी कोळसा सांगितला, कोणी जाड मिठाचे वाडगे. मिठाने पाणी ओढले हे कबूल केले पाहिजे. दोन दिवसांत वाडगे काठोकाठ भरले, तिसऱ्या दिवशी ते मोटारीवर सांडले, आणि आता ती कधीच भरून आणावी लागणार नाही. पुतण्याने औषधांच्या आणि बुटांच्या खोक्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जमवल्या. त्या मोठ्या गुणी असतात, पण त्यांचे पोट चिमणीएवढे. डबा घट्ट लावून आत ठेवली तर पुडी डब्यापुरते काम करते. तिला सबंध मांगर सोपवायचा म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला जो तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्याच्याशी तिची ओळख करून देणे. दादाने शेवटी हवेतली ओल शोषणारे विजेचे यंत्र पाठवले. ते चांगले चालले, जितका वेळ वीज होती तितका वेळ. आषाढातली वीज ही आमच्याकडे तारेपेक्षा आभाळात जास्त वेळ असते.

त्यातल्या त्यात शास्त्राला धरून होता तो बल्बचा उपाय. पूर्वी पेटीच्या, पोथ्यांच्या, कॅमेऱ्याच्या कपाटात लोक पिवळा बल्ब लावून ठेवत. बल्ब पाणी नाहीसे करत नाही, हवा तेवढी गरम करतो. पंचवीस अंशांची हवा घनमीटरमागे सुमारे तेवीस ग्रॅम वाफ धरू शकते, तीस अंशांची सुमारे तीस ग्रॅम. म्हणजे पंचवीस अंशांना काठोकाठ भरलेली हवा पाच अंशांनी तापवली की तीच वाफ पाऊण भांड्यावर येते. बुरशीला वाढायला साधारण पंचाहत्तर-ऐंशी टक्क्यांच्या वरची आर्द्रता लागते, तेव्हा बल्ब तिला नेमके उंबरठ्यावर अडवून धरतो. बीजाणू हवेत बाराही महिने असतात, त्यांना कोणी हाकलू शकत नाही. लाकूड, काथ्या, कातडे, धूळ, रंगातला डिंक असे जेवणही घरोघर तयारच असते. राखता येते ती फक्त ही पाण्याची हद्द. पण हा उपाय शंभर वॅटच्या बल्बचा होता. दादाच्या नव्या मांगरात नऊ वॅटचा एलईडी आहे. तो लख्ख उजेड देतो आणि त्या उजेडात बुरशी जास्त स्पष्ट दिसते.

हेच गणित रात्री उलटे चालते. पाऊस थांबून आभाळ मोकळे झाले की पत्रा भरभर निवतो, आतली हवा त्याला टेकते, तिच्याने सगळी वाफ धरवत नाही आणि थेंब सुटतात. कौलाखालीही हवा निवतेच, पण कौल थोडे पाणी स्वतःच पिते आणि उरलेल्याला फटीतून वाट असते. दादाला हे मी फोनवर समजावून सांगत होतो. तो म्हणाला, “म्हणजे अजून एक थर द्यायला हवा ना?”

काकीने कधी आर्द्रतामापक बघितलेला नाही, पण कोणत्या वेळी काय उघडायचे याचा तिचा हिशेब चुकत नाही. दार चोवीस तास उघडे ठेवावे असे तिचे मुळीच मत नाही. संततधार चालू असते तेव्हा बाहेरची हवाच नव्वद टक्के भिजलेली, ती आत घेऊन लाद्यांवर निववण्यात काय हशील? तेव्हा दार ओढलेले. पण उघडीप पडली, ढगांतून पिवळे ऊन सांडले आणि वारा सुटला, की ती हातातले टाकून धावते. दार सताड उघडे. ढोल अंगणात, सुंभ वलणीवर, गोणपाटे दगडांवर. श्रावणात ही उघडीप फसवी असते. ढोल अंगणात नेऊन ठेवेपर्यंत सर येते, ढोल आत आणेपर्यंत सर जाते. त्या महिन्यात आमचा ढोल जेवढा चालतो तेवढा पालखीबरोबरही चालत नाही.

बाकी तिच्या पद्धतीला नावे नाहीत, सवयी आहेत. जमिनीवर काही ठेवायचे नाही: चार चिरे, त्यांच्यावर फळ्या, फळ्यांवर गोणी. भिंतीला टेकूनही काही नाही, मध्ये वीतभर जागा, तिथून हात फिरला पाहिजे आणि झाडूही. युरिया आता झाकणाच्या निळ्या पिंपात. कोयत्यांच्या पात्यांना खोबरेल, मुठींना आणि फळ्यांना उंडीचे तेल, जे पूर्वी होड्यांना चोळत आणि ज्याच्या वासाला घरात बंदी आहे. बुरशी दिसली तर कोरड्या झाडूने झटकायची नाही, त्याने ती उडते आणि जिथे नव्हती तिथेही जाऊन बसते. ओल्या फडक्याने टिपायची, मग ते फडके उन्हात. ऊन नसेल तर चुलीत. आणि जे वर्षभर लागले नाही ते मे महिन्यात मांगरातून बाहेर काढायचे. या शेवटच्या कलमाची अंमलबजावणी आमच्याकडे एकदाही झालेली नाही, कारण आरामखुर्चीचा विषय निघाला की बैठक बरखास्त होते.

गणपतीला दादा आला तेव्हा तो स्वतःच मांगरात जाऊन उभा राहिला. त्याने भिंतीला बोट लावले, बोट बघितले, वास घेतला. काकी मागे उभीच होती. “ओल येतली ती येतलीच, झिला,” ती म्हणाली. “तिका जावक वाट खंय ठेवलंस?” चिडून नव्हे, पाहुण्याला चहा दिला का, इतक्या साध्या सुरात.

दादाचा एक मोठा गुण असा, की त्याला पटले की तो थांबत नाही. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गवंडी आला. तो दादाच्याच कामाचा गवंडी होता. वाशांखालच्या विटा त्यानेच बसवल्या होत्या, त्याच त्याने काढल्या, आणि दोन्ही वेळची मजुरी घेतली. पूर्वेच्या भिंतीत जोत्याच्या जरा वर एक झरोका पाडला, पश्चिमेच्या भिंतीत वळचणीखाली दुसरा, म्हणजे खालून आत आलेली हवा तापून वरून बाहेर पडेल. सीलिंग उतरले. ते आता मांगरातच उभे करून ठेवले आहे, कारण टाकवत नाही. ऑइल पेंट खरवडला, गिलावा जिथे पोकळ वाजत होता तिथे तासला, आणि दसऱ्याआधी चुन्याचा हात फिरला. चूल काही परत आली नाही. पण काकीने दाराशी एक शेगडी ठेवली आहे आणि संध्याकाळी तिच्यात नारळाच्या शेंड्या पेटवते. डासांसाठी, असे ती सांगते.

पुढच्या पावसात मांगर कोरडा ठणठणीत राहिला असे म्हणवत नाही. कोकणात आषाढात कोरडे काय असते, काडेपेटीसुद्धा नसते. पण लाद्या पुसाव्या लागल्या नाहीत, पंपाचा पट्टा नुसता पुसून चालला, आणि ढोलाच्या कातड्यावर जे उगवले ते एकाच रंगाचे होते.

झरोक्यातून उंदीर मात्र आले. त्यांनी ठिबकच्या नळ्यांची चव बघितली. उंदरांमागून, दोनेक आठवड्यांनी, धामण आली. चांगली लांबलचक, पिवळट, खालच्या झरोक्यातून आत आणि वरच्यातून बाहेर, हवेसाठी आखलेल्या वाटेने. दादाला व्हिडिओ कॉलवर मांगर दाखवत होतो तेव्हाच तिची शेपटी पीव्हीसीच्या सीलिंगमागे जाताना त्याला दिसली. डोंबिवलीत आरडाओरडा झाला. आजच्या आज दोन्हीकडे जाळी मारून घ्या, मी पैसे पाठवतो, असा हुकूम सुटला.

काकीने फोन माझ्या हातातून घेतला. “मारतंय जाळी,” ती म्हणाली. “पण मगे उंदीर धरूक तू हयसर येतलंस?”